बियाण्याच्या कुंपणावर आपला वकील कुठे आहे?

जालना एमआयडीसीतून दोन प्रकारचा माल बाहेर पडतो, लोखंडी सळई आणि बियाणे. सळईची भट्टी लांबून दिसते. तिच्या धगीत राबणारा कामगारही दिसतो. त्याच्या मजुरीसाठी, त्याच्या अपघाताच्या भरपाईसाठी भांडायला संघटना आहे, कामगार न्यायालय आहे. बियाण्याच्या पाकिटात मात्र बियाण्याबरोबर आणखी एक वस्तू बंद केलेली असते. ती म्हणजे कायदा. पाकिटावरचे नाव हा ट्रेडमार्क. आतल्या वाणाची नोंदणी दिल्लीच्या प्राधिकरणाकडे. संकरासाठी वापरलेले नर आणि मादी वाण हे कंपनीचे गुपित. आणि बीटी कपाशीचे पाकीट असेल, तर त्यातल्या जनुकावर एका अमेरिकन कंपनीचे पेटंट होते. एका पाकिटाला एवढी कुंपणे! प्रत्येक कुंपणावर एक वकील उभा आहे. या वकिलाकडे, म्हणजे बौद्धिक संपदेच्या वकिलाकडे, आपल्या चळवळीने अजून नीट पाहिलेले नाही.

संकरित कपाशीचे बियाणे यंत्रातून निघत नाही, ते हातातून निघते. दुपारनंतर मादी झाडावरची, उद्या उमलणारी कळी हेरायची. नखाने तिचे पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे फूल आणून त्या कळीला पराग लावायचा. अशा हजारो कळ्या, हंगामभर. पुंकेसर मागे राहिले तर बियाण्यात भेसळ येते आणि प्लॉट नापास होतो. जालना, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे बियाणे घेतात, तिथेही कामाची रीत हीच. हे हात बहुतेक बायांचे असतात. त्यातल्या किती बाया भूमिहीन बौद्ध, मातंग, बंजारा घरांतून येतात, हे या भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. एवढी बारीक नजर, एवढा सराव, हे कौशल्य नव्हे काय? पण कायद्याच्या भाषेत याला शोध म्हणत नाहीत. याला रोजंदारी म्हणतात.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या उद्योजकतेविषयी इथे वाद नाही. पुढे महिकोने अमेरिकेच्या मोन्सॅन्टोशी भागीदारी केली आणि २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. तेव्हापासून कपाशीच्या प्रत्येक पाकिटात जनुकाच्या मालकाचा वाटा धरला जाऊ लागला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये हा वाटा पाकिटामागे १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आणला आणि २०२० मध्ये शून्यावर. म्हणजे मधली कित्येक वर्षे मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने, ज्यात आपला अल्पभूधारकही आला, पेरणीआधीच परदेशी मालकाचा हिस्सा भरला. पाऊस पडो वा न पडो!

या वाट्यावरून महिको-मोन्सॅन्टोची भागीदार कंपनी आणि तिच्याकडून परवाना घेतलेली नुजिवीडू सीड्स यांच्यात भांडण जुंपले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ११ एप्रिल २०१८ रोजी पेटंटच अवैध ठरवले. वनस्पती, बियाणे आणि त्यांचे भाग यांवर पेटंट देता येत नाही, असे आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ (ञ) सांगते, त्याचा आधार घेतला गेला. ८ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठवला. त्याच वर्षी पेटंटची वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी समझोता केला. बियाण्यातल्या जनुकावर मालकी सांगता येते की नाही, या मूळ प्रश्नाचा अंतिम निवाडा झालाच नाही. देशातले नामांकित वकील त्या खटल्यात उभे राहिले. कंपनी होती, दुसरी कंपनी होती, सरकार होते. कळी सोलणारी बाई कुठल्याच वकालतनाम्यावर नव्हती.

आंबेडकरी माणसाला ज्ञानाची मालकी हा विषय नवा वाटू नये. पेटंटची मुदत वीस वर्षे असते. चातुर्वर्ण्याने ज्ञानावर जी मक्तेदारी दिली तिला मुदतच नव्हती. तिची नोंदणी कुठे झाली नाही, तिचे शुल्क कुणी भरले नाही, आणि ती मोडणाऱ्याला दंड मात्र शंबूकाचा होता. कातडे कमावण्याची विद्या ज्याची, तो अस्पृश्य. दोर वळण्याची कला ज्याची, तो गावकुसाबाहेर. विद्या आमची, वापर गावाचा, आणि वर विटाळही आमचाच.

महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी आठवतो. त्यानंतरचा खटला मात्र आपण विसरतो. १२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांनी दिवाणी दावा लावला. चवदार तळे खाजगी आहे आणि अनादी काळापासून ते आमच्याच वापराचे आहे, असे त्यांचे म्हणणे. तो दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. जवळजवळ दहा वर्षे बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी पुरावे, साक्षी आणि कागद घेऊन उभे राहिले. शेवटी सवर्णांना आपली प्राचीन वहिवाट सिद्ध करता आली नाही. तळ्याचे पाणी एका दिवसात चाखले, पण त्या पाण्यावरचा हक्क कागदावर जिंकायला एक दशक लागले. मालकी ही पुष्कळदा नुसती थाप असते, आणि समोर कागद वाचणारा कुणी उभा राहीपर्यंत ती खपून जाते.

बियाण्याच्या तळ्यावरचा कागद वाचणारे आपल्यात किती आहेत? आपल्या समाजाने गेल्या पन्नास वर्षांत वकील पुष्कळ घडवले. ॲट्रॉसिटीचे खटले, गायरानाचे दावे, नोकरीतले आरक्षण, जातपडताळणी या आघाड्यांवर ते लढले आणि आजही लढतात. ते सोडून द्या असे कुणी म्हणणार नाही. पण बौद्धिक संपदेच्या वकिलीत आपला मुलगा अभावानेच दिसतो. याला कारणे आहेत. ही वकिली मुंबई, दिल्ली, बंगळुरू, चेन्नईच्या मोठ्या कचेऱ्यांत चालते. तिथे शिरायला चांगले इंग्रजी लागते, ओळख लागते, आणि आडनाव ऐकल्यावर समोरच्याची मान किंचित तिरकी होते ती सोसण्याची ताकद लागते. सुरुवातीच्या पगारात मुंबईत खोलीभाडे भरून गावी पैसे पाठवायचे म्हणजे महिनाअखेर रडकुंडीला येते. रात्री उशिरापर्यंत बसायचे, कारण परदेशातला पक्षकार तेव्हा जागा होतो. अर्जातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कोट्यवधींचा हक्क जातो, उत्तराची तारीख चुकली तर अर्ज बुडतो. हा ताण घरी बायकोला, आईला समजावून सांगताही येत नाही. कोर्टात युक्तिवाद करणारा वकील वस्तीला समजतो. दिवसभर संगणकापुढे बसून एका यंत्राचे वर्णन लिहिणारा वकील वस्तीला समजत नाही.

हा जाच नवा नाही. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सनदेचे पैसे त्यांचे मित्र नवल भथेना यांनी दिले होते. परदेशच्या पदव्या घेतलेल्या त्या बॅरिस्टरला उच्च न्यायालयातले सॉलिसिटर खटले देत नव्हते. त्यांनी मुफसल कोर्टांतली कामे घेतली आणि घर चालवण्यासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. व्यापारी कायदा आपला नव्हे, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. मग आपण का मानावे?

एक अवघड प्रश्न उरतोच. ज्याच्या आईने प्लॉटवर कळ्या सोलल्या, तो मुलगा उद्या एखाद्या बियाणे कंपनीच्या कायदा विभागात लागला आणि शेतकऱ्याला पाठवायची नोटीस त्यालाच लिहावी लागली, तर? आग्र्याचे १९५६चे भाषण त्याच्या तोंडावर फेकणे सोपे आहे. आपण ते फार सहज फेकतो. त्याने नोकरी करावी, काम शिकावे, घर उभे करावे, त्यात पाप नाही. आतली रीत आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. चळवळीने त्याला गद्दार म्हणण्याआधी स्वतःला विचारावे, की त्याच्या शिक्षणाचा उपयोग होईल असे कोणते काम आपण त्याच्यासमोर ठेवले?

काम भरपूर आहे. २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देते. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या चार बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी एक कोटी पाच लाखांचे दावे लावले. तेव्हा शेतकरी संघटना आणि वकिलांनी हेच कलम पुढे केले आणि देशभर गदारोळ होऊन कंपनीने दावे मागे घेतले. याच कायद्याच्या कलम ४१ नुसार, एखादे वाण घडवण्यात गावसमूहाचा वाटा असेल तर त्यांच्या वतीने कुणीही व्यक्ती किंवा संस्था दावा करू शकते. कलम ४४ नुसार शेतकऱ्याला या कायद्याखालच्या कामकाजात शुल्क माफ आहे. म्हणजे दार उघडे आहे, शुल्क माफ आहे, नाही तो दार ठोठावणारा.

कोल्हापुरी चपलेचेच पाहा. चर्मकारांच्या या विद्येला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची मालकी महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या दोन चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशीच चप्पल मिलानमध्ये मिरवली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात गेले ते बौद्धिक संपदेचे सहा वकील. न्यायालयाने जुलै महिन्यात याचिका फेटाळली. हक्क ज्याच्या नावावर आहे त्याने यावे, असा त्याचा अर्थ. त्या वकिलांनी आवाज उठवला, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण चपलेचे टाके घालणाऱ्या समाजाचा स्वतःचा वकील, स्वतःची कारागीर संघटना हातात कागद घेऊन उभी असती, तर डिसेंबरमध्ये महामंडळांनी त्याच कंपनीशी केलेल्या कराराच्या टेबलावर कारागिरालाही खुर्ची मागता आली असती.

म्हणून चळवळीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, पेटंट एजंट व्हायला वकिलीची पदवी लागत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि सरकारी परीक्षा पुरते. नागसेनवनातल्या मिलिंद विज्ञान महाविद्यालयातून निघालेल्या, कृषी महाविद्यालयांतून निघालेल्या आपल्या मुलामुलींना ही गोष्ट कुणी सांगतच नाही. दुसरी, बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवते, तिने पेटंट एजंटच्या परीक्षेचाही वर्ग सुरू करावा, अशी मागणी जोरात पुढे यावी. तिसरी, जालना, बुलढाणा, परभणीच्या आपल्या वकील मंडळींनी वाणसंरक्षण कायद्याचा एकत्र अभ्यास करावा आणि बियाणे प्लॉटवरच्या बायांचे करार, मजुरी आणि नापास प्लॉटचा भुर्दंड कुणाच्या माथी येतो, हे तपासावे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण पाठ म्हणतो. काय शिकायचे, हे मात्र दर पिढीने नव्याने ठरवावे लागते. आधीच्या पिढीने सातबारा वाचायला शिकून गायरान मिळवले. या पिढीला बियाण्याच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचायला शिकावे लागेल. ती अक्षरे आपल्याच लोकांच्या घामावर छापलेली आहेत.