दुरुस्तीचे मोल

जुन्या मोटारीच्या डिकीत बसवलेला सबवूफर एखाद्या दिवशी फरफरू लागतो. गाण्यातील ढोलकीचा घुमारा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी फाटका, खरखरीत आवाज येतो. वरची जाळी काढून पाहिली, तर शंकूच्या कडेचा फोम भुगा होऊन गळालेला दिसतो. अशा वेळी वाहनमालकाला पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : “टाकून द्या, नवा घ्या.” हा सल्ला सोयीचा आहे, यात शंका नाही, परंतु सोयीचे ते सारेच शहाणपणाचे असते, असे नव्हे.

हा सल्ला योग्य की अयोग्य हे ठरवण्यापूर्वी वस्तूची रचना समजून घेतली पाहिजे. माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी अगदी खर्जातले, म्हणजे सुमारे २० ते २०० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी उमटवणे हे सबवूफरचे काम. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली जी ध्वनिक्षेपकाची रचना मांडली, तीच मूलतः आजही वापरात आहे. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची गुंडाळी असते. तिच्यातून विद्युत्प्रवाह वाहू लागला, की ती मागेपुढे हलते आणि तिला जोडलेला शंकू हवेला धक्के देतो. हा शंकू बाहेरच्या धातूच्या चौकटीला ज्या लवचीक गोल पट्टीने जोडलेला असतो, तिला कारागीर ‘सराउंड’ म्हणतात. शंकूला मोकळेपणाने हलू द्यायचे, परंतु मध्यापासून ढळू द्यायचे नाही, असे दुहेरी काम ही पट्टी आणि आतील ‘स्पायडर’ मिळून करतात.

ही पट्टी कधी रबराची, तर कधी पॉलियुरेथेनच्या फोमची असते. फोम वजनाला हलका आणि लवचीक असल्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा फार वापर झाला. मात्र हवेतील ओलावा, प्राणवायू आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण यांमुळे त्याचे रेणू हळूहळू तुटत जातात. ध्वनिक्षेपक वापरा अगर न वापरा, साधारण दहा ते वीस वर्षांत फोम ठिसूळ होतो. उन्हात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या मोटारीत आणि दमट हवेत हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. म्हणजे येथे दोष मालकाच्या निष्काळजीपणाचा नसून पदार्थाच्या गुणधर्माचा आहे.

खरा मुद्दा येथेच आहे. जे नष्ट झाले, त्याचे वजन काही ग्रॅम असते. जे शाबूत आहे, म्हणजे जड चुंबक, चौकट, तांब्याची गुंडाळी आणि शंकू, त्याचे वजन कित्येक किलो भरते. चप्पलेचा अंगठा तुटला म्हणून कोणी चप्पल फेकून देत नाही. मग कडेची पट्टी झिजली म्हणून सबंध ध्वनिक्षेपक का फेकावा?

दुरुस्तीचे काम अवघड नाही, पण ते धीराचे आहे. प्रथम शंकूच्या दोन्ही बाजूंना बोटांनी सारखा दाब देऊन तो हळूच आत ढकलून पाहतात. आत घासल्याचा आवाज आला, तर गुंडाळी फटीत अडकत आहे असे समजावे. मल्टिमीटर लावून गुंडाळी तुटलेली नाही ना, याचीही खात्री करतात. त्यानंतर जुना फोम आणि वाळलेला गोंद अल्कोहोलच्या साहाय्याने खरवडून काढतात. शंकूचा व चौकटीचा व्यास मोजून नेमक्या मापाची नवी पट्टी निवडतात. कारण चार-दोन मिलिमीटरची चूकही पुढे नडते. मूळ पट्टी फोमची असेल, तर तिच्या जागी जाड, ताठ रबर लावल्याने आवाजाचा पोतच बदलतो, हेही जाणकार विसरत नाही. पट्टी आधी शंकूला आणि मग चौकटीला चिकटवतात. त्या वेळी मधली टोपी काढून गुंडाळीभोवती पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचतात, म्हणजे ती बरोबर मध्यभागी राहते. एवढे झाल्यावर दिवसभर थांबावे लागते. गोंद वाळण्यापूर्वी उतावीळपणे गाणे लावले, तर सारी मेहनत वाया जाते.

या विचारावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. गुंडाळी जळलेली असेल, शंकू फाटला असेल किंवा वस्तू मुळातच हलक्या प्रतीची असेल, तर दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीला जाऊन भिडतो. अशा वेळी दुरुस्तीचा हट्ट धरणे हा भाबडेपणा ठरेल. कारागिराच्या दिवसभराच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यायचा, तर दुरुस्ती स्वस्त पडेलच असेही नाही. परंतु या आक्षेपांतून एवढेच सिद्ध होते, की निर्णय तपासणीनंतर घ्यावा. तपासणीच न करता टाकून देणे हे मात्र त्यांतून सिद्ध होत नाही.

शिवाय दुकानातील किमतीत सारा हिशेब येत नाही. चुंबकासाठी व तांब्यासाठी खाणी खोदाव्या लागतात, धातू वितळवण्यासाठी इंधन जाळावे लागते. फेकलेली वस्तू कोठेतरी साठत राहते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी पुष्कळसा कचरा उघड्यावर जाळणाऱ्या, आम्लात बुडवणाऱ्या गरीब हातांत जातो. वस्तू फेकणारा एक आणि तिचा धूर सोसणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे.

या प्रश्नाची दखल शासनानेही घेतली आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या अधिकारा’विषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात आहेत. उत्पादकांनी सुटे भाग व माहितीपुस्तिका उपलब्ध करून द्याव्यात, ही त्यामागील अपेक्षा रास्त आहे. परंतु अधिकार कागदावर मिळाला, तरी दुरुस्त करणारे हात उरले नाहीत, तर तो निरुपयोगी ठरेल.

हे हात आजही आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याचा चांदनी चौक अशा बाजारपेठांत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या व्यापाराबरोबर दुरुस्तीची विद्याही वाढली. ही विद्या पुष्कळांनी शाळेत नव्हे, तर उस्तादाच्या शेजारी स्टुलावर बसून मिळवली. घासल्याचा बारीक आवाज ओळखणारा कान आणि गोंदाचा थर समान पसरवणारे बोट तयार व्हायला वर्षे लागतात. तरीही अशा माणसाला समाज ‘अशिक्षित’ म्हणून मोकळा होतो. ज्याला चुंबकत्वाची व्याख्या पाठ आहे तो शिकलेला आणि जो चुंबकाच्या फटीत गुंडाळी केसभरही न ढळू देता बसवतो तो अडाणी, ही विभागणी अन्यायाची आहे. अनुभवातून मिळालेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय आता देशात झाली आहे; तिचा लाभ गल्लीबोळांतील कारागिरांपर्यंत पोहोचला पाहिजे. त्याचबरोबर त्यांच्या कामाचे दाम देताना घासाघीस करण्याची ग्राहकांची सवयही सुटली पाहिजे.

दुरुस्त झालेला सबवूफर नव्यासारखा चकचकीत दिसत नाही. चौकटीवरचे ओरखडे तसेच राहतात. परंतु त्यातून ढोलकीचा घुमारा पुन्हा उमटतो, तेव्हा एक वस्तू भंगारात जाण्यापासून वाचलेली असते, एका कारागिराच्या घरी त्या दिवसाची कमाई पोहोचलेली असते आणि काय टाकायचे व काय राखायचे, याचा विवेक एका माणसाने केलेला असतो.