'हंगर' आणि विजयकथेचा हट्ट

स्त्रियांच्या आत्मकथनांची चिकित्सा करताना मराठी समीक्षेने एक आराखडा जवळजवळ सिद्धान्तासारखा वापरला आहे. यातना, संघर्ष आणि मुक्ती या क्रमाने जी संहिता जाते ती सफल. जी मध्येच थांबते तिच्या लेखिकेचे आत्मभान अपुरे. पीएच.डी.च्या कितीतरी प्रबंधांची प्रकरणे याच क्रमाने लावलेली दिसतात. रोक्सेन गे या हैतीवंशीय अमेरिकन लेखिकेचे 'हंगर' (२०१७) हे आत्मकथन वाचताना या आराखड्यात दडलेले क्रौर्य ध्यानात येते.

बाराव्या वर्षी ओळखीच्या मुलाने व त्याच्या सोबत्यांनी केलेला बलात्कार गे यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवला. देह जितका विस्तारेल तितका तो पुरुषांना नकोसा, म्हणजेच सुरक्षित होईल, असा हिशेब त्या मुलीने मांडला आणि ती खात राहिली. एके काळी त्यांचे वजन ५७७ पौंड, म्हणजे सुमारे २६२ किलो होते. हा हिशेब एकटीचा नव्हता. १९८०च्या दशकात सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी यांना आढळले की, वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच उपचार सोडून जात होते आणि त्यांतील अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार घडले होते. अर्थात प्रत्येक स्थूल देहामागे जखम शोधू लागणे हाही अन्यायच.

गे यांच्या लेखनाचे सामर्थ्य तपशिलात आहे. हातांच्या खुर्चीत बसल्याने मांड्यांवर उठणारे वळ, उपाहारगृहात जाण्यापूर्वी तिथल्या खुर्च्यांची छायाचित्रे शोधणे, विमानात दोन आसने विकत घेणे! तट बांधून सुरक्षित झालेली व्यक्ती त्याच तटात कोंडली जाते, हे इथे वेगळे सांगावे लागत नाही. पूर्ण शीर्षकात 'माय' हा शब्द कंसात आहे. स्वतःच्या देहावरील स्वामित्वच तिथे संशयित झाले आहे. लहानलहान ८८ प्रकरणांत तेच प्रसंग पुनःपुन्हा येतात. काही ठिकाणी हा सैलपणाच आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु एरवी ती पुनरुक्ती आघाताच्या स्मृतीची स्वाभाविक गती आहे.

मराठीत स्थूल देह मुख्यतः विनोदाच्या वाट्याला आला. 'बटाट्याची चाळ'मधील 'उपास' वाचून पिढ्या हसल्या. पण वजनाची अशी निरागस थट्टा पुरुष निवेदकालाच परवडते. 'खात्यापित्या घरची' हा शब्दप्रयोग तर कौतुकाचा आव आणून टोचतो. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' (१९७०) मध्ये देहावरील आक्रमणाची निर्भीड नोंद आहे. मात्र अशा आघातानंतर त्याच देहात दररोज राहणे म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला.

हा प्रश्न विचारायचा तर परिभाषाही तपासावी लागेल. 'बरे होणे' यात पूर्वस्थितीला परतणे गृहीत आहे, आणि गे यांना परतायला पूर्वस्थितीच उरलेली नाही. 'सावरणे' हे क्रियापद अधिक जवळचे. तोल सावरणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे तसेच असते. स्वतःला 'तगलेली' म्हणवण्यापेक्षा 'बळी' म्हणवणे गे पसंत करतात, कारण घडले त्याचे गांभीर्य त्यांना उणे करायचे नाही. आपली कथा विजयाची नाही, असे त्या आरंभीच बजावतात.

२०१८च्या जानेवारीत त्यांनी जठराचा आकार घटवणारी शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यावर लिहिलेही. याला पुस्तकाशी विसंगती मानणाऱ्यांनी ते नीट वाचलेले नाही. शस्त्रक्रियेनंतर अन्नाचा आधार गेला. जे अन्नाने झाकले होते ते मात्र तिथेच होते.