गाणी संपल्यानंतरचे प्रेम

'सैराट'चा विषय निघाला की आमच्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : "मध्यंतरापर्यंत चित्रपट छान आहे, पुढे मात्र रेंगाळतो." नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला. त्याची गाणी आमच्या वराती-मिरवणुकांत अजून वाजतात. परंतु या वाक्याशी आमचा वाद आहे, आणि तो केवळ एका चित्रपटापुरता नाही.

मध्यंतरानंतर काय घडते, ते सुज्ञ वाचकांनी आठवून पाहावे. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादेस येतात. विहीर आणि उसाचे फड मागे राहतात. वाट्याला येते ती गरीब वस्तीतली एक खोली आणि भाषा न कळणारा शेजार. मोठ्या घरची लेक कारखान्यात कामाला जाते, तेलुगू शिकते. तिला घराची आठवण छळते. त्याच्या मनात संशय शिरतो आणि तो तिच्यावर हात टाकतो. ती निघून जाते आणि अर्ध्या वाटेवरून परत येते. मग हळूहळू पैसा जोडत दोघे संसार उभा करतात. शेवट काय होतो, ते सर्वांना ठाऊक आहे.

प्रेक्षकाला जो भाग रेंगाळणारा वाटतो, तोच आमच्या मते प्रेमाचा भाग आहे. विहिरीवर भाळणे कोणालाही जमते. अपमान झाल्यावर परतायचे की नाही, आणि परतल्यावर समोरच्याने स्वतःत काय बदल करायचा, हा प्रश्न तेथून पुढचा आहे. आम्हां आदिलाबादकरांना तर तो परका वाटू नये. आमचे पूर्वज कोणी शेतीसाठी, कोणी कापसाच्या व्यापारासाठी पैनगंगा ओलांडून इकडे आले. १९५६च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. एकाच उंबरठ्यावर बसून आम्ही हैदराबाद संस्थान, आंध्र प्रदेश आणि २०१४ पासून तेलंगण पाहिले. चुलीपाशी मराठी आणि बाजारात तेलुगू असा दुहेरी संसार आमच्या आज्या-पणज्यांनी केला. त्यांच्या या धडपडीला आम्ही कधी प्रेमकथा म्हटले नाही, ही चूक आमची आहे.

ही चूक चित्रपटांनीही जोपासली. 'मुंबई-पुणे-मुंबई'चेच उदाहरण घ्या. २०१०च्या पहिल्या भागात ओळख, २०१५च्या दुसऱ्यात लग्न, २०१८च्या तिसऱ्यात अपत्य. एकाच जोडप्याचा आठ वर्षे पाठपुरावा करणारी ही मालिकाही पाळण्यापाशी थांबली. त्यानंतरची चाळीस वर्षे कोणी दाखवायची?

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. वडीलधारे म्हणतात, "संसारात कसले आले प्रेम? सवय होते, एवढेच." तरुण म्हणतात, "लग्न झाले की प्रेम संपते. उरतो तो व्यवहार." दोघे एकमेकांना विरोधक समजतात, पण बोलतात एकच : प्रेम ही लग्नाआधीची वस्तू आहे. आम्हांस हे मान्य नाही. समोरच्याला चहात किती साखर चालते, कोणत्या आठवणीने तो गप्प होतो, कोणत्या शब्दाने दुखावतो, हे जाणणे वर्षानुवर्षांच्या लक्ष देण्यातून येते. त्याला सवय म्हणणे हा आळस आहे. मात्र नुसती वर्षे मोजून कोणत्याही संसारास प्रेमाचे प्रशस्तिपत्र देता येणार नाही. जेथे पन्नास वर्षे एकानेच ताट वाढले आणि दुसऱ्याने एकदाही विचारपूस केली नाही, तेथे सवयही एकतर्फीच आहे. 'कुंकू' लावले म्हणजे मन जडले असे होत नाही, हे व्ही. शांताराम यांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते.

मग उत्तर आयुष्यातले प्रेम दिसते कसे? त्याचे चित्र आम्हांस शेजारच्या भाषेत सापडले. तनिकेळ्ळ भरणी यांचा 'मिथुनम' हा तेलुगू चित्रपट २०१२ साली आला. श्रीरमणांच्या कथेवर बेतलेल्या या चित्रपटात पडद्यावर दोनच माणसे आहेत : एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि लक्ष्मी. मुले परदेशी, घरात म्हातारा-म्हातारी. परसात भाजी, दिवसभर खाण्यावरून तंटे, रुसवे आणि चेष्टा. अखेरीस नवरा जातो आणि बायको जे बोलते ते ऐकून आम्ही थक्क झालो. तोच आधी जावा, अशी तिची इच्छा होती. कारण आपल्यामागे त्याचे कोण करणार, ही तिला चिंता.

आमच्या घरांत हे वाक्य कोणी उच्चारू धजेल काय? आमच्याकडे बाईने अहेव जावे, हेच भाग्य. वडाला सूत गुंडाळताना तिने पतीचे दीर्घायुष्य मागावे, आणि ते लाभले नाही तर दोष तिच्या कपाळी. 'मिथुनम'मधली म्हातारी वैधव्य स्वतःकडे मागून घेते आणि नवऱ्याला एकटेपणातून सोडवते. याहून मोठे प्रेम आम्हांस तरी कल्पिता येत नाही. आणि असे प्रेम करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवसापासून आम्ही मंगलकार्यात मागच्या खोलीत बसवतो!

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांस तोच कित्ता गिरवण्यास सांगितले. ते परिपत्रक पैनगंगा ओलांडून आमच्याकडे येत नाही. प्रथा मात्र पिढ्यांपूर्वीच आमच्या सामानाबरोबर नदी ओलांडून आली आहे. तेव्हा ठराव आम्हांलाच करावा लागेल, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमची मागणी साधी आहे. येत्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला ज्या घरी वाण लुटले जाईल, त्या घराने आधी आपल्याच घरातल्या, मग शेजारच्या विधवा काकू-मावशीला आवर्जून बोलवावे आणि पहिले वाण तिच्या हाती द्यावे. चाळीस वर्षे एका माणसाला सांभाळून, शेवटी त्याला निरोप देऊन ती आली आहे. प्रेमाचे ज्ञान त्या बैठकीत तिच्याइतके कोणापाशी असेल?