एकरभर जमिनीचा हक्क

धाराशिव जिल्ह्यातील शेती बुडाली की सारा दोष आभाळाच्या माथी मारावयाचा, अशी आपली रीत आहे. २०१५-१६ मध्ये दुष्काळ, २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात महापूर. आभाळ लहरी झाले हे खरेच. परंतु शिवारभर एकटे सोयाबीनच पेरा, असा हुकूम आभाळाने केव्हा सोडला होता? ते एक पीक गेले की घरात ना पैसा, ना दाणा!

यावर तोड काढली ती येथील बायकांनी. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साह्याने त्यांनी घरच्या रानातील एकेक एकर मागून घेतला आणि तीत थोड्या पाण्यावर येणारी धान्ये, कडधान्ये व भाजीपाला मिसळून पेरला. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. २०१६ साली या संस्थेस संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कारही लाभला.

“एकरभराने काय होणार?” असे विचारणाऱ्या सुज्ञांस आमचा उलट सवाल आहे: उरलेल्या रानाने काय केले? आज दिलेली जमीन उद्या काढून घेता येते, तोवर ते औदार्य नव्हे, उसनवारी होय. पेरणीचा अधिकार तिचा व सातबाऱ्यावर नावही तिचे, एवढे आधी मान्य करा. आभाळाचा न्याय मागाहून करू.