कर्मचारी बोलू शकत नाही, म्हणून मालकाने बोलावे



अमेरिकेत एखाद्या भारतीयाला शिवीगाळ झाली किंवा त्याच्यावर हल्ला झाला, की आपल्याकडे चर्चा होते ती सरकारांची. दूतावासाने काय केले, परराष्ट्र मंत्रालय काय म्हणाले, हे आपण विचारतो. ज्या कंपनीच्या कामासाठी तो माणूस तिथे गेला, ती काय म्हणाली, हे सहसा कुणी विचारत नाही. खरे तर पहिला प्रश्न तिलाच विचारायला हवा.

आशियाई लोकांविषयीचा तिथला द्वेष अनेकदा रोजगाराच्या रागातून पेटला आहे. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घालणारा कायदा झाला. ‘हे लोक कमी पैशांत राबतात आणि आमचे काम पळवतात’ ही तक्रार त्यामागे होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, डेट्रॉइट परिसरात व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारण्यात आले. जपानी गाड्यांची विक्री वाढत होती, अमेरिकी मोटार कारखान्यांत कामगारकपात चालू होती. मारेकऱ्यांपैकी एक क्रायस्लरमध्ये फोरमन होता, तर दुसरा कामावरून कमी केलेला त्याचा सावत्र मुलगा. चिन जपानी नव्हताच. दोघांनाही तुरुंगवास न देता न्यायालयाने प्रोबेशनवर सोडले आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड केला. पेट्रोल महागल्यावरही अवजड गाड्यांवर भिस्त ठेवण्याचा निर्णय कारखान्यांच्या व्यवस्थापनाचा होता, राग मात्र निघाला एका परक्या चेहऱ्यावर. कपातीच्या काळात असा राग परस्पर दुसरीकडे वळला, तर तो व्यवस्थापनाच्या पथ्यावरच पडतो.

आज त्या जागी ‘एच-१बी’ या कामाच्या व्हिसावर गेलेले भारतीय आहेत. या व्हिसाच्या मंजुऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला येतात. पण त्यासाठीचा अर्ज कर्मचारी स्वतः करू शकत नाही, तो कंपनीच करते. म्हणजे ‘भारतीयांनी आमच्या नोकऱ्या लाटल्या’ अशी ओरड होते तेव्हा खरे काय ते कंपनीला पक्के ठाऊक असते. ‘यांना आम्ही बोलावले, अमुक कामासाठी बोलावले आणि ते आमचे सहकारी आहेत’ एवढे तिने जाहीरपणे सांगावे. कमी पगारात राबवून घेण्यासाठी बोलावले असेल, तर तेही तिनेच निस्तरावे. दोन्ही बाबतींत गप्प राहून शिव्या मात्र कर्मचाऱ्याने खायच्या, हा कुठला न्याय?

कर्मचाऱ्याने स्वतः का बोलू नये, असे कुणी विचारेल. त्याची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. मुलांची शाळा, घराचे हप्ते, वर्षानुवर्षे रखडलेले ग्रीन कार्ड हे सगळे त्या एका नोकरीला टांगलेले असते. असा माणूस तक्रार करताना दहा वेळा विचार करतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधील ओलेथ येथे ‘माझ्या देशातून चालते व्हा’ असे ओरडत एकाने श्रीनिवास कुचिभोतला या अभियंत्याला गोळ्या घातल्या. त्याआधी त्याने श्रीनिवास आणि त्यांच्या सहकाऱ्याला कोणत्या व्हिसावर आलात, असे विचारले होते. व्हिसा हे द्वेषाचे निमित्त होते, तेव्हा व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला हात झटकता येत नाहीत.

‘कंपन्यांनी राजकारणात पडू नये’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण मूळ देशावरून होणारा छळ हा तिथे कायद्याचा विषय आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली कामाच्या ठिकाणचा असा छळ रोखणे ही मालकाची जबाबदारी आहे, छळ करणारा गिऱ्हाईक असला तरी. हा कायदा किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकांनाच लागू होतो. त्यामुळे छोटी मोटेल, पेट्रोल पंप, किराणा दुकाने यांतले लोक त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांतली कितीतरी भारतीयांचीच आहेत, हे विसरू नये.

निषेधाची पत्रके हा नुसता देखावा असतो, हा दुसरा आक्षेप. तो बराचसा खरा आहे. मार्च २०२१ मध्ये अटलांटा परिसरातील तीन स्पांमध्ये आठ जणांना गोळ्या घालून मारले गेले. त्यांपैकी सहा आशियाई वंशाच्या महिला होत्या. त्यानंतर अनेक बड्या कंपन्यांनी पत्रके काढली, मे महिन्यात द्वेषगुन्ह्यांविषयी केंद्रीय कायदाही झाला. आता रोख भारतीयांवर असताना तो जोर दिसत नाही. म्हणून पत्रकाच्या जोडीला दोन लेखी नियम हवेत. वांशिक शिवीगाळ करणाऱ्या गिऱ्हाइकाला सेवा नाकारण्याची मुभा कर्मचाऱ्याला असावी. आणि छळाची तक्रार केल्याने व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डच्या अर्जावर परिणाम होणार नाही, याची हमी मिळावी. यातले काहीही करायला सरकारची परवानगी लागत नाही.

हे सांगण्याचा अधिकार आपल्याला घरापासून सुरुवात केली तरच आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या भीतीने ईशान्येकडील हजारो लोकांनी बंगळूर आणि पुणे सोडले. २०२० मध्ये त्यांनाच ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना द्याव्या लागल्या. पुण्या-मुंबईतली कितीतरी हॉटेले, सलून, कॉल सेंटर ईशान्येकडील मुलामुलींच्या कष्टांवर चालतात. गिऱ्हाइकाने टोमणा मारला, तर गल्ल्यावरून उठून त्यांची बाजू घेणारे मालक किती?

पुण्या-मुंबईत कार्यालये असलेल्या आणि अमेरिकेत माणसे पाठवणाऱ्या आयटी कंपन्यांनी या दोन्ही टोकांना एकच नियम लावावा. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनीही अधिवेशनासाठी प्रायोजक निवडताना धनादेशाबरोबर हे नियम मागून घ्यावेत. ज्याला आपल्या माणसांच्या बाजूने दोन ओळी लिहून देता येत नाहीत, त्याचे नाव व्यासपीठामागच्या फलकावर झळकवण्याचे कारण नाही.

— एक वाचक, पुणे