घोडी जरा खाली घ्या!

बार्शीटाकळीहून एका गृहस्थांनी विचारले आहे : “मुलीसाठी अकोल्याहून जुनी गिटार आणली. महिनाभर हौसेने वाजविली; आता बोटे सोलतात म्हणून ती कपाटावर पडली आहे. पोरीच्या अंगी कला नाही, असे समजावे काय?”

छे! एवढ्यात निकाल देऊ नका. आधी तारांची उंची मोजा.

त्यांची गिटार फुगीर पोटाची, ‘एफ’ अक्षरासारख्या दोन छिद्रांची. हिला आर्चटॉप म्हणतात. १९२२ साली अमेरिकेत गिब्सन कंपनीची एल-५ निघाली, तिच्यामुळे ही धाटणी गाजली. बँडच्या गलक्यात ऐकू जावी म्हणून वादक तिला जाड तारा लावीत. घरच्या पोरीला मात्र त्या गलक्याशी झुंजायचे नसते!

या गिटारीची घोडी चिकटविलेली नसते. तारांच्या दाबानेच उभी असते. बहुधा तिच्या दोन्ही बाजूंस लहान चाके असतात. तारा सुरात लावा आणि बाराव्या पडद्यावर मोजपट्टी धरा. पडद्याच्या माथ्यापासून जाड तारेपर्यंत सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेपर्यंत दोन, एवढे अंतर पुरे. चार भरले, तर दोष पोरीचा नव्हे! तारा सैल करून चाके अर्धा-अर्धा फेरा खाली घ्या व पुन्हा सुरात लावून पाहा. तार पडद्यावर खरखरली, की किंचित वर. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात ती तार झणकारावी म्हणून. गिटारीत तीच खरखर दोष ठरते. उलट विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेच्या तारा मुद्दामच उंच, कारण त्यांवर धातूची कांडी फिरते, बोट दाबत नाही.

आता जाडी. बाराचा संच म्हणजे पहिली तार इंचाच्या बारा हजारांश भाग जाड. दहाची घेतली, तर त्याच सुरासाठी त्या तारेचा ताण सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. आवाज थोडा लहान होईल, पण बोटे वाचतील. तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या, तर घोडी जागची हलेल. शेवटी बाराव्या पडद्यावर तार दाबून आणि नुसता हलका स्पर्श करून, दोन्ही सूर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा लागला, तर घोडी केसभर मागे, म्हणजे तारा जेथे अडकविल्या आहेत त्या बाजूस, सरकवा.

पहिल्याच पडद्याशी तार दाबवत नसेल किंवा दांडी वाकली असेल, तर मात्र कानस हाती घेऊ नका, कारागिराकडे जा. आणि वऱ्हाडातल्या उन्हापावसाने लाकूड फुगते-आटते, तेव्हा हे माप दर ऋतूत एकदा पाहावे.

या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर कपाटावरची गिटारही खाली काढा. महिनाभर पुन्हा वाजवू द्या. मग कलेचे बोलू.