स्वस्त हत्यार कुठे चालते

भोसरी, शिरोली, सातपूर, वाळूज, कुठेही जा, लहान वर्कशॉपमध्ये हत्यारे आता कुरिअरच्या खोक्यातून येऊ लागली आहेत. डिजिटल व्हर्नियर, ड्रिलचे संच, ॲलन की, कटिंग व्हील, नटबोल्ट, सगळे मोबाइलवर मागवता येते आणि बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त पडते. त्यावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, स्वस्त म्हणजे टाकाऊ, नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. दुसरा म्हणतो, मोडले तर मोडले, दुसरे मागवू. दोघांचेही डोळे किमतीवर खिळलेले आहेत. आमच्या मते प्रश्न वेगळा विचारायला हवा. खोक्यावर जो दावा छापला आहे तो काम सुरू करण्याआधी, आपल्याच टेबलावर, आपल्याकडच्या साधनांनी पडताळता येतो का? येत असेल तर स्वस्त माल बेलाशक घ्यावा. येत नसेल तर दावा करणाऱ्याचे नावगाव आणि कागद हातात आल्याशिवाय घेऊ नये, मग सूट कितीही असो.

असे म्हणण्याचे कारण, मोबाइलच्या पडद्यावरची कोणतीच खूण दर्जाबद्दल फारसे सांगत नाही. तारे देणारा बहुधा खोके उघडल्यावर चार-आठ दिवसांत तारे देतो. माल वेळेवर आला का, पॅकिंग धड होते का, हाताला जड लागतो का, याचे ते गुण. ड्रिलची धार किती भोकांनंतर गेली हे तेवढ्यात कळत नाही. शिवाय अनेकदा एकाच पानावर सगळ्या मापांचे अभिप्राय एकत्र मोजलेले असतात, आणि तेच पान या महिन्यात एक विक्रेता पुरवतो, पुढच्या महिन्यात दुसरा. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक आहे. आणि अभिप्राय अगदी खरा असला, तरी तो घरी पडद्याचा रॉड बसवणाऱ्याचा की दिवसभर भोके पाडणाऱ्याचा, हे कसे कळणार? माल कोणत्या देशातला आहे यावरूनही काही ठरत नाही; नामांकित कंपन्यांचीही कितीतरी हत्यारे चीनमध्ये बनतात.

पडताळता येणाऱ्या मालाचे उत्तम उदाहरण म्हणजे डिजिटल व्हर्नियर. पडद्यावर ०.०१ मिमी दिसते म्हणून माप तितके अचूक असते असे नाही. १५० मिमीच्या नावाजलेल्या व्हर्नियरचीही अचूकता साधारण ±०.०२ मिमी असते. स्वस्तातला त्याच्या जवळपास आहे का, हे पाहायला स्लिप गेजचा संच नसला तरी अडत नाही. खात्रीच्या दुकानातून घेतलेले ६२०३ नंबरचे कोरे बेअरिंग पुरते. त्याचा बाहेरचा व्यास ४० मिमी, आतला १७, आणि सर्वसाधारण प्रतीच्या बेअरिंगमध्येही बाहेरचा जास्तीत जास्त ११ मायक्रॉनने आणि आतला ८ मायक्रॉनने कमी भरतो. मोठ्या मापाला ६३१० घ्यावे, त्याचा बाहेरचा व्यास ११० मिमी. रुंदी मात्र धरू नये. तिथे १२० मायक्रॉनपर्यंत सूट असते आणि बिचाऱ्या व्हर्नियरवर नाहक आळ येतो. आधी जबडे मिटून उजेडासमोर धरावेत, फट दिसते का पाहावे. मग स्लाइड दहा वेळा मागेपुढे करून शून्य परत येतो का ते पाहावे. शेवटी तेच बेअरिंग एकदा जबड्याच्या टोकाशी आणि एकदा मुळाशी धरून मोजावे. दोन मापांत फरक आला तर स्लाइड ढिली आहे किंवा जबडे समांतर नाहीत. हे सगळे दहा मिनिटांचे काम. यातून पार पडलेला व्हर्नियर रोजच्या टर्निंगला खुशाल वापरावा. बॅटरी लवकर उतरेल, तेवढे सोसावे.

ड्रिलची तपासणी थोडी खर्चिक आहे, कारण संचातले एक बळी द्यावे लागते. सोनेरी रंगाला भुलू नये. खरा टायटॅनियम नायट्राइडचा थर काही मायक्रॉनचाच असतो आणि त्याखाली कोणते पोलाद आहे हे तो सांगत नाही. ते ठिणग्या सांगतात. साधे कार्बन पोलाद ग्राइंडरवर धरले की पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. हायस्पीड स्टीलच्या रेषा बारीक, तांबूस आणि जवळजवळ न फुटणाऱ्या. फक्त ड्रिल शँककडून धरू नये, कारण मोठ्या ड्रिलना साध्या पोलादाचा शँक वेल्ड केलेला असतो. हा फरक महत्त्वाचा, कारण कार्बन पोलाद दोन-अडीचशे अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि हायस्पीड स्टील सुमारे सहाशे अंशांपर्यंत कडक राहते. पोलाद बरोबर निघाले तर एका प्लेटवर भोक पाडून दोन्ही धारांतून सारखी चीप निघते का आणि भोक मोठे तर होत नाही ना, हे पाहावे.

बोल्टपाशी मात्र हे सगळे उपाय थकतात. डोक्यावर ८.८ उठवणे हा नुसता डायचा प्रश्न आहे. त्या आकड्याचा अर्थ ताणबळ ८०० आणि यील्ड ६४० न्यूटन प्रति चौरस मिमी. तो खरा की खोटा हे बोल्ट तोडल्याशिवाय कळत नाही, आणि तोडलेला बोल्ट शेजारच्या बोल्टची हमी देत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात याचा मोठा धडा मिळाला. ग्रेड ८ ची खूण असलेले कितीतरी बोल्ट प्रत्यक्षात स्वस्त बोरॉन पोलादाचे, म्हणजे ग्रेड ८.२ चे निघाले. साध्या तापमानाला कडकपणा आणि ताकद दोन्ही चाचणीत उतरत. गरम जागी मात्र बोल्टचा ताण ढिला पडे. तिथल्या संसदेत त्याची चौकशी होऊन १९९० मध्ये फास्टनर क्वालिटी ॲक्ट आला. जिथे हार्डनेस टेस्टरही फसला तिथे आपली कानस काय सांगणार? कटिंग व्हीलचेही तेच. १०० मिमीच्या चकतीवर सेकंदाला ८० मीटरची मर्यादा म्हणजे मिनिटाला सुमारे १५,३०० फेरे, आणि आपला ग्राइंडर अकरा-बारा हजारांवर फिरतो. हा फरक कागदावर पुरेसा आहे, चकती खरोखर त्या प्रतीची असेल तर. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असेल ती वाचावी, कारण रेझिन जुने आणि दमट झाले की कमजोर होते. टिचकी मारून आवाज ऐकण्याची जुनी रीत विट्रिफाइड चाकांची. या पातळ चकत्यांना ती फारशी लागू नाही. बोल्ट, चकती, शॅकल, स्लिंग हा माल हीट किंवा बॅच नंबरच्या टेस्ट सर्टिफिकेटसह, बनवणाऱ्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. तो विक्रेता ऑनलाइन असला तरी हरकत नाही. आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबतचा लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर घालून पाहावा.

यावर कोणी म्हणेल, नागदेवी स्ट्रीटवर किंवा बोहरी आळीत माल घेताना कधी तपासला होता? तिथे काय डुप्लिकेट मिळत नव्हते? मिळत होते. पण तिथल्या दुकानदाराकडे आपले खाते होते, खराब ड्रिल त्याच्या काउंटरवर आपटता येत होते, आणि चार गिऱ्हाइकांनी तसे केले की तो ते ठेवणेच बंद करत असे. ही चाळणी फुकट नव्हती, ती त्याच्या नफ्यात धरलेली होती. ऑनलाइन जे पैसे वाचतात त्यातला एक भाग हा चाळणीचा आहे. ते काम आता आपल्या माथी आले आहे. दुसरा आक्षेप वेळेचा. दोनशे रुपयांच्या टॅपसाठी फिटरचा अर्धा तास कोण घालवणार? जॉबचे बाकी सगळे मशिनिंग झाल्यावर शेवटच्या आट्यात टॅप तुटला आणि तो काढायला स्पार्कवाल्याकडे जावे लागले, तर त्याचे बिल टॅपच्या किमतीशी नव्हे, जॉबच्या किमतीशी ताडून पाहावे. उलट वर्षातून दोनदा लागणाऱ्या पान्ह्यावर वेळ घालवू नये, हेही खरे.

तपासणी खोके आले त्याच आठवड्यात व्हावी, याला कायद्याचेही कारण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरणाऱ्याला अपवाद आहे. एकटा टर्नर त्यात बसेल, वीस कामगारांच्या कारखान्याला ते अवघड. मग उरतो १९३० चा मालविक्री कायदा. त्यात माल तपासण्याचा हक्क आहे, पण नाकारल्याचे न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरले जाते. परत करण्याची मुदत तर बहुधा काही दिवसांचीच असते. दिवाळीच्या सेलमध्ये मागवलेला संच संक्रांतीला उघडला, तर त्यातल्या वाकड्या ड्रिलबद्दल कोणाशी भांडणार?